सासरवाडीच्या वाटेने: मेजर अँटिल यांच्या गोतावळ्याचा प्रकरण अभ्यास

१८१८ साली सिडनीत झालेले एक लग्न हा या अभ्यासाचा विषय आहे. वर हेन्री कोल्डन अँटिल, वय ३९, न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरच्या मर्जीतला लष्करी अधिकारी. जन्म न्यू यॉर्कचा, घराणे अमेरिकेतल्या ब्रिटिश राजवटीच्या अगदी वरच्या वर्तुळातले. वधू एलायझा विल्स, वसाहतीतच जन्मलेली, वराहून किमान वीस वर्षांनी लहान. तिचे वडील वाटमारीच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झालेले आणि ती जन्मठेपेवर आल्यामुळे काळ्या पाण्यावर पोचलेले. सावत्र वडील दुकानातल्या चोरीपायी त्याच वाटेने आलेले. थोरल्या बहिणीचा नवरा आरमारातल्या बंडात शिक्षा झालेला डॉक्टर.

त्या काळच्या सिडनीत असा अधिकारी आणि अशी सोयरीक हे सहज पचणारे नव्हते. वसाहतीत दोन तट होते. एका बाजूला स्वेच्छेने आलेले अधिकारी, जमीनदार, व्यापारी. दुसऱ्या बाजूला शिक्षा भोगून किंवा माफी मिळून मोकळे झालेले कैदी आणि त्यांची मुले. पहिल्या तटातल्या पुष्कळांनी दुसऱ्या तटातल्या माणसांबरोबर जेवायलाही नकार दिला होता. मग अँटिल यांनी तिथे लग्न का केले? त्यातून कोणाच्या पदरात काय पडले? आणि ज्या जमिनीवर हा संसार उभा राहिला, ती आली कुठून?

अँटिल यांची चरित्रे बहुधा पराक्रमाच्या क्रमाने लिहिली जातात: श्रीरंगपट्टणचा हल्ला, गव्हर्नरची सोबत, पर्वतापलीकडचा प्रवास, पिक्टन गावाची स्थापना. त्यात चूक काही नाही. पण तेवढेच वाचले तर हा माणूस दुसऱ्याच्या मागे चालणारा, साधारण कुवतीचा अधिकारी वाटतो. त्याचे सासर आणि आजोळ उलगडत गेलो की मग चित्र पालटते. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलगी सासरी गेली की तिची शाखा बहुधा तिथेच थांबायची. अँटिल घराण्याचा वृत्तांत त्या पद्धतीने लिहिला, तर त्यातले महत्त्वाचे बहुतेक सगळे बाहेरच राहील.

हरलेल्या बाजूचे घराणे

अँटिल यांचा जन्म १७७९ चा. अमेरिकेतले स्वातंत्र्ययुद्ध तेव्हा ऐन भरात होते आणि न्यू यॉर्क शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होते. वडील जॉन अँटिल राजाच्या बाजूने लढणाऱ्या न्यू जर्सीच्या स्वयंसेवक पलटणीत मेजर होते. आईचे माहेर कोल्डन. या घराण्याचा मूळपुरुष कॅडवॅलडर कोल्डन हा स्कॉटिश वैद्य, वनस्पतींचा अभ्यासक, स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच्याशी पत्रव्यवहार ठेवणारा आणि बरीच वर्षे न्यू यॉर्क प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर. नोव्हेंबर १७६५ मध्ये मुद्रांक कायद्याविरुद्ध लोक पेटले, तेव्हा जमावाने याच म्हाताऱ्याचा पुतळा आणि घोडागाडी जाळली होती. अँटिल यांच्या नावातले ‘कोल्डन’ इथून आले.

आजोबा एडवर्ड अँटिल न्यू जर्सीतले जमीनदार. द्राक्षांच्या लागवडीवरचा त्यांचा निबंध अमेरिकेत १७७१ साली छापला गेला. आजी ॲन ही न्यू जर्सीचे गव्हर्नर लुइस मॉरिस यांची मुलगी. म्हणजे ज्या गव्हर्नर मॉरिस नावाच्या गृहस्थाने पुढे अमेरिकेच्या संविधानाच्या सरनाम्याचे शब्द घडवले (‘गव्हर्नर’ हे त्याचे नावच होते, पद नव्हे), तो जॉन अँटिल यांचा सख्खा मामेभाऊ.

युद्धाने हे घर मधोमध चिरले. जॉन राजाकडे गेले. त्यांचे सख्खे भाऊ एडवर्ड, आजोबांच्याच नावाचे, बंडखोरांकडे. एडवर्ड कॉंग्रेसच्या सैन्यात लेफ्टनंट कर्नल झाले आणि १७७७ साली स्टेटन बेटावरच्या हल्ल्यात ब्रिटिशांच्या हाती सापडले. त्या बेटावर न्यू जर्सीच्या राजनिष्ठ पलटणींचाच तळ होता. युद्धानंतर एडवर्ड यांची परिस्थिती ढासळली. त्यांची धाकटी मुलगी फॅनी हिला अलेक्झांडर हॅमिल्टन आणि त्यांची पत्नी एलायझा यांनी आपल्या घरी नेऊन सुमारे दहा वर्षे सांभाळले. हेन्री अँटिल यांची ही सख्खी चुलत बहीण. एक भावंड नव्या प्रजासत्ताकाच्या अर्थमंत्र्याच्या घरात वाढत होते आणि दुसरे हरलेल्या राजाची चाकरी शोधत होते.

राजनिष्ठांच्या मालमत्ता अनेक राज्यांनी जप्त केल्या. हजारो कुटुंबे कॅनडाकडे, इंग्लंडकडे, वेस्ट इंडीजकडे पांगली. अशा घरातल्या मुलाला शिल्लक काय असते? आडनाव, जुन्या ओळखी आणि सैन्यातली जागा. १७९६ च्या सुमारास अँटिल ७३ व्या पलटणीत एन्साइन, म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी म्हणून दाखल झाले. पलटण होती हिंदुस्थानात.

श्रीरंगपट्टण आणि त्यानंतर

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या तटावर जो अखेरचा हल्ला झाला, त्यात वीस वर्षांचे अँटिल आपल्या पलटणीचे निशाण घेऊन होते. ते गंभीर जखमी झाले आणि बढती मिळून लेफ्टनंट झाले. मराठी वाचकाला हे युद्ध परके नाही. १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा इंग्रजांच्या सोबतीला होत्या. १७९९ मध्ये मराठे प्रत्यक्ष उतरले नाहीत आणि नंतर देऊ केलेला मुलखाचा वाटाही अटींसकट घ्यायला पेशव्यांनी नकार दिला. टिपू पडल्यावर दक्षिणेत इंग्रजांना आवर घालणारे एकटे मराठेच उरले होते. पुढे १८०३ आणि १८१८ मध्ये काय झाले ते आपण जाणतोच. अँटिल यांच्या लग्नाचे वर्ष आणि पेशवाई बुडाल्याचे वर्ष एकच आहे.

त्याच श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत मुंबईच्या फौजेबरोबर आणखी एक अधिकारी होता: लॉक्लन मॅक्वारी. अँटिल यांचे पुढचे आयुष्य या माणसाला बांधलेले आहे, म्हणून त्याचे घर थोडे पाहायला हवे. मॅक्वारी स्कॉटलंडच्या मल बेटाजवळच्या उल्वा या लहान बेटावरचे, गरीब कुळातले. मामा मर्डॉक मॅक्लेन मात्र लॉकबुईचे जमीनदार. सैन्यातली पहिली पायरी त्यांच्याच आधाराने मिळाली. मॅक्वारीही अमेरिकेच्या युद्धात राजाच्या बाजूने होते. १७८८ मध्ये ते मुंबईत आले आणि १७९३ मध्ये मुंबईतच त्यांनी जेन जार्विस हिच्याशी लग्न केले. जेन ही वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटाच्या माजी मुख्य न्यायाधीशाची मुलगी. तिच्या वाट्याला ६००० पौंडांचा वारसा होता, आणि अँटिग्वाची श्रीमंती उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांवर उभी होती. लग्नानंतर तीन वर्षांतच क्षयाने जेन मकावमध्ये वारली. मॅक्वारींनी तिचा देह जहाजातून परत आणून मुंबईतल्या इंग्रजांच्या दफनभूमीत पुरला.

या संसारात आणखी एक माणूस होता, आणि त्याला वगळून हा गोतावळा सांगणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १७९५ साली मॅक्वारींसाठी कोचीनला दोन लहान मुले विकत घेण्यात आली. त्यांतल्या एकाचे नाव ठेवले जॉर्ज जार्विस. आडनाव जेनच्या माहेरचे. हा मुलगा मॅक्वारींबरोबर हिंदुस्थान, स्कॉटलंड, सिडनी असा जन्मभर फिरला. सिडनीत त्याने मेरी जेली या कैदी स्त्रीशी लग्न केले. अँटिल आणि जॉर्ज हे दोघे कित्येक वर्षे एकाच गव्हर्नरच्या घरात वावरले. एकाचे आजोबा-पणजोबा आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. दुसऱ्याचे आईबापांनी ठेवलेले नावसुद्धा नोंदवलेले नाही.

२६ जानेवारी १८०८ रोजी सिडनीतल्या पलटणीने गव्हर्नर ब्लाय यांना कैद केले. लंडनने ती पलटण परत बोलावली, तिच्या जागी ७३ वी पाठवली आणि तिचा लेफ्टनंट कर्नल मॅक्वारी यालाच गव्हर्नर नेमले. डिसेंबर १८०९ च्या अखेरीस जहाजे सिडनीला लागली. कॅप्टन अँटिल १८१० च्या आरंभापासून गव्हर्नरचे एडीसी, म्हणजे दिमतीचे लष्करी अधिकारी झाले आणि पुढे ब्रिगेड मेजर. ‘मेजर अँटिल’ हे संबोधन या पदावरून पडले आणि कायमचे चिकटले.

हुद्द्यापेक्षा महत्त्वाची होती ती जवळीक. गव्हर्नर दौऱ्यावर निघाले की अँटिल सोबत असत. १८१५ च्या एप्रिलमध्ये विल्यम कॉक्स यांनी कैद्यांच्या हातून नुकताच बांधून घेतलेल्या रस्त्याने गव्हर्नर, त्यांच्या दुसऱ्या पत्नी एलिझाबेथ आणि मोठा लवाजमा ब्लू माउंटन्स ओलांडून बॅथर्स्टला गेला. अँटिल यांनी त्या प्रवासाची दैनंदिनी ठेवली. त्याच लवाजम्यात चित्रकार जॉन लुइन, सर्व्हेअर जॉन ऑक्स्ली आणि डॉक्टर विल्यम रेडफर्न होते. रेडफर्न यांचे नाव लक्षात ठेवावे. तीन वर्षांनी ते अँटिल यांचे साडू होणार होते.

सेरा विल्स

आता त्या बाईकडे यायला हवे, जिच्याशिवाय या प्रकरणाला अर्थ नाही.

एडवर्ड विल्स यांना १७९७ साली इंग्लंडमध्ये वाटमारीसाठी फाशीची शिक्षा झाली. ती बदलून जन्मठेप आणि काळे पाणी. १७९९ साली ते ‘हिल्सबरो’ या जहाजातून सिडनीला आले. कैद्यांच्या वाहतुकीच्या इतिहासातल्या सर्वांत भयंकर प्रवासांपैकी हा एक. तापाच्या साथीने सुमारे तीनशे कैद्यांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास वाटेतच मेले. त्याच जहाजावर एडवर्डची पत्नी सेरा आपल्या लहान मुलीला घेऊन स्वतःहून आली होती. शिक्षा तिला नव्हती. नवऱ्याला विसरून इंग्लंडमध्ये राहणे सोपे होते. अनेकींना ते करावेही लागले. तिने जहाज निवडले.

सिडनीत या जोडप्याने दुकान थाटले. पुढे एडवर्ड थॉमस रीबी यांचे भागीदार झाले आणि सीलच्या कातड्यांच्या व्यापारासाठी त्यांची जहाजे फिरू लागली. १८१० मध्ये मॅक्वारींनी एडवर्डना पूर्ण माफी दिली. पण पुढच्याच वर्षी, १८११ च्या एप्रिलमध्ये रीबी वारले आणि मे महिन्यात एडवर्ड. दोन्ही भागीदारांच्या विधवा मागे उरल्या. रीबींची विधवा मेरी हिने एकटीने व्यापार इतका वाढवला की आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचा चेहरा आहे. सेराची कथा तेवढी गाजली नाही. एडवर्ड गेले तेव्हा ती गरोदर होती. त्या ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला, हॉरेशिओ.

१८१२ मध्ये सेराने पुन्हा लग्न केले. नवरा जॉर्ज हाऊ, वेस्ट इंडीजमधल्या सेंट किट्स बेटावर जन्मलेला मुद्रक. तोही कैदी म्हणूनच आला होता. पण ५ मार्च १८०३ पासून निघू लागलेले वसाहतीचे पहिले वृत्तपत्र ‘सिडनी गॅझेट’ हाच छापत होता. सरकारी हुकूम, जहाजांच्या ये-जा, लिलाव, पळालेल्या कैद्यांची वर्णने, सगळे त्याच्या खिळ्यांतून बाहेर पडायचे. त्याच्यापासून सेराला झालेली मुलगी जेन.

आणि थोरली मुलगी, आईच्याच नावाची सेरा, जी लहानपणी ‘हिल्सबरो’वरून आली होती? तिचे लग्न वडील जाण्याच्या दोन महिने आधी, मार्च १८११ मध्ये झाले ते डॉक्टर रेडफर्न यांच्याशी. रेडफर्न १७९७ साली आरमारात साहाय्यक शल्यचिकित्सक होते. नोर इथल्या खलाशांच्या बंडात त्यांनी माणसांना एकजुटीने राहण्याचा सल्ला दिला, एवढ्यावरून त्यांना फाशीची शिक्षा झाली. वय पाहून ती सौम्य केली गेली. सिडनीत ते वसाहतीतले सर्वांत विश्वासू डॉक्टर ठरले. १८१४ मध्ये कैदी जहाजांवरच्या मृत्यूंची चौकशी करून त्यांनी हवा, स्वच्छता, आहार आणि जहाजावरच्या डॉक्टरांचे अधिकार यांवर अहवाल दिला. त्यानंतर या वाहतुकीतले मृत्यू पुष्कळ घटले. ज्या प्रवासात आपली बायको लहानपणी वाचली, तोच प्रवास या माणसाने पुढच्यांसाठी सुसह्य केला. मला या सगळ्या प्रकरणात रेडफर्न यांच्याइतका आदर क्वचितच कोणाबद्दल वाटतो.

म्हणजे १८१८ पर्यंत सेराच्या घरात काय काय जमले होते ते पाहा. व्यापार होता, छापखाना होता, गव्हर्नरच्या घरातला डॉक्टर जावई होता. उणीव एकच: राजाच्या गणवेशातला माणूस. एलायझाच्या लग्नाने ती भरून निघाली.

लग्नाचे दोन्ही बाजूंनी वाचन

अँटिल यांच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय धाडसाचा होता. ७३ वी पलटण १८१४ मध्ये सिलोनला गेली. तिच्या जागी आलेल्या ४६ व्या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी मुक्त कैद्यांना आपल्या जेवणाच्या टेबलावर येऊ न देण्याचा पणच केला होता. मॅक्वारी मात्र सांगत असत की शिक्षा भोगून सुधारलेल्या माणसाला समाजात पूर्वीची जागा परत मिळाली पाहिजे, आणि त्याप्रमाणे ते अशांना जेवायला बोलावत, न्यायदंडाधिकारीही नेमत. जेवायला बोलावणे वेगळे आणि मुलगी करून आणणे वेगळे. मॅक्वारींच्या धोरणाला त्यांच्या सर्वांत जवळच्या अधिकाऱ्याने आपल्या घरातूनच होकार दिला.

यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणत नाही. अँटिल यांच्याकडे घराणे होते, पैसा बेताचा. वय चाळिशीला टेकलेले. मुक्काम याच देशात करायचा ठरलेला. विल्स-हाऊ-रेडफर्न कुटुंब म्हणजे सिडनीतली खरी अर्थव्यवस्था होती. उलट सेराला काय मिळाले? सैन्यातल्या जावयामुळे मुलीच्या मुलांना कोणी कैद्याची नातवंडे म्हणून सहज हिणवू शकणार नव्हते. दोन्ही बाजूंनी हिशोब होता आणि तो दोघांनाही फळला. पण हिशोबाने झालेल्या लग्नालाही किंमत मोजावी लागते, आणि ती काय असते हे पुढच्याच वर्षी दिसले.

१८१९ साली लंडनहून जॉन टॉमस बिग यांना वसाहतीच्या कारभाराच्या चौकशीसाठी पाठवण्यात आले. मॅक्वारींनी त्याच वर्षी रेडफर्न यांना न्यायदंडाधिकारी नेमले. बिग यांनी जोरदार हरकत घेतली आणि लंडनने नेमणूक रद्द केली. रेडफर्न यांना मुख्य शल्यचिकित्सकाचे पदही डावलले गेले. १८२१ मध्ये ते मुक्त कैद्यांच्या हक्कांचा अर्ज घेऊन इंग्लंडला गेले. त्याच वर्षी अँटिल सक्रिय लष्करी सेवेतून निवृत्त झाले. सैन्याची वाट सोडून ते शेतीकडे वळले आणि विल्स कुटुंबाशी जोडलेले राहिले.

जमीन

सिडनीच्या नैर्ऋत्येला, नेपियन नदीपलीकडे काउपाश्चर्स नावाचा मुलूख होता. १७८८ मध्ये पहिल्या ताफ्याबरोबर केप ऑफ गुड होपहून आणलेली गुरे रानात पळाली आणि १७९५ मध्ये त्यांचा वाढलेला कळप तिथे सापडला. सरकारी गुरे म्हणून बराच काळ नदी ओलांडायला परवानगी लागे. मॅक्वारींच्या कारकिर्दीच्या शेवटी हा भाग वसाहतकारांना खुला होऊ लागला आणि स्टोनक्वारी ओढ्याजवळ सुमारे २००० एकर जमीन अँटिल यांना मिळाली. त्या काळी राजाची जमीन देणगी म्हणून मिळत असे. ही पद्धत १८३१ मध्ये बंद झाली. देणारा गव्हर्नर, घेणारा त्याचा खास माणूस, कष्ट करायला सरकारने वाटून दिलेले कैदी. अशा रीतीने अधिकाऱ्याचा वसाहतकार होत असे.

अँटिल यांनी इस्टेटीला नाव दिले जार्विसफील्ड. हे नाव मॅक्वारींच्या मल बेटावरच्या इस्टेटीचे. हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातून त्यांनी ती मामाकडून घेतली होती आणि पहिल्या पत्नीच्या आठवणीसाठी तिचे नाव तसे ठेवले होते. अँटिग्वाच्या उसाच्या मळ्यांवर वाढलेली, मुंबईत पुरलेली जेन अशी ऑस्ट्रेलियातल्या एका गावाच्या इतिहासात येऊन बसली. १८२४ च्या जुलैत मॅक्वारी लंडनमध्ये वारले. १८२५ मध्ये अँटिल कुटुंब कायमचे जार्विसफील्डला राहायला गेले. ते तिथले न्यायदंडाधिकारी झाले, १८४० च्या दशकात त्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे पाडून गावठाण वसवले, तेच आजचे पिक्टन. १८५२ मध्ये ते तिथेच वारले.

पण ही जमीन ‘खुली झाली’ असे म्हणून पुढे जाता येत नाही. हा मुलूख धरावल आणि गंडुंगरा लोकांचा. १८१४ ते १८१६ या दुष्काळी काळात वसाहतकार आणि मूळ रहिवासी यांच्यात रक्तपात वाढला, आणि मॅक्वारींनी १८१६ च्या एप्रिलमध्ये सैन्याच्या तुकड्या पाठवल्या. हुकूम असा की मारल्या गेलेल्या पुरुषांचे देह इतरांना दहशत बसावी म्हणून झाडांवर लटकवावेत. १७ एप्रिलच्या पहाटे ४६ व्या पलटणीतल्या कॅप्टन वॉलिस यांच्या तुकडीने ॲपिनजवळ झोपलेल्या तळावर हल्ला केला. बायका-मुलांसह किमान १४ जण मेले. काही गोळीने, काही कड्यावरून पडून. गंडुंगरांचा म्होरक्या कॅनाबेगल याचा देह लटकवण्यात आला आणि नंतर त्याची कवटी एडिंबराला पोचली. ती ऑस्ट्रेलियात परत आली १९९१ मध्ये.

कैद्यांना दुसरी संधी देणारा गव्हर्नर आणि हा हुकूम देणारा गव्हर्नर एकच आहे, याला फाटा देऊन मॅक्वारींवर लिहिता येते, पण मग अँटिल यांची जमीन समजत नाही. ॲपिन आणि पिक्टन यांच्यात फार अंतर नाही. त्या पहाटेनंतर पाच-सहा वर्षांतच नदीपलीकडच्या सनदा वाटल्या गेल्या. अमेरिकेतल्या आपल्या लोकांचे घरदार गेल्याची कथा ऐकत वाढलेला माणूस दुसऱ्यांच्या गेलेल्या जमिनीवर घर बांधत होता.

नाती पुढे कुठे गेली

अँटिल यांच्या स्वतःच्या वंशातल्या सैनिकी धाग्याबद्दल थोडक्यात सांगतो. मुलाचे नाव जॉन मॅक्वारी अँटिल, नातवाचेही तेच. नातू १८६६ मध्ये पिक्टनला जन्मला, बोअर युद्धात लढला आणि ७ ऑगस्ट १९१५ रोजी पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत ‘द नेक’ नावाच्या अरुंद पट्ट्यावर ब्रिगेड मेजर होता. आजोबांचे पद तेच. पहिल्या लाटा कापल्या गेल्यावरही हल्ला चालू ठेवण्याच्या निर्णयाबद्दल त्याच्यावर आजही कठोर टीका होते. त्या सकाळी २३४ ऑस्ट्रेलियन मेले.

सासरच्या बाजूचा धागा मात्र अनपेक्षित ठिकाणी जातो. एलायझाची सावत्र बहीण जेन हाऊ हिने कॅप्टन जॉन हॅरिसन यांच्याशी लग्न केले. तिचा मुलगा १८३६ मध्ये जार्विसफील्डलाच, मावशीच्या घरी जन्मला, आणि मावशीच्या यजमानांवरून त्याचे नाव ठेवले हेन्री कोल्डन अँटिल हॅरिसन. मेलबर्नमध्ये १८६६ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नियमांची फेरमांडणी करण्यात त्याचा मुख्य हात होता. या खेळाचा जनक म्हणून तो १९२९ पर्यंत, ९२ वर्षे, मानाने जगला. जमावाने ज्यांची गाडी जाळली त्या न्यू यॉर्कच्या लेफ्टनंट गव्हर्नरचे आडनाव अशा वाटेने मेलबर्नच्या मैदानावर पोचले, तेही ज्याच्या अंगात त्या घराण्याचे रक्त नव्हते त्याच्या नावातून.

हॅरिसनने लग्न केले मामाच्या मुलीशी, एमिली विल्सशी. हा मामा म्हणजे बाप गेल्यानंतर जन्मलेला हॉरेशिओ. तो आधी सावत्र वडिलांच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, मग १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला वसाहतीत जन्मलेल्यांची बाजू मांडणारे ‘करन्सी लॅड’ हे साप्ताहिक त्याने चालवले, मग मेंढ्या घेऊन दक्षिणेला, आताच्या व्हिक्टोरियात गेला आणि मोठा जमीनदार झाला. त्याचा मुलगा टॉम याला त्याने इंग्लंडला रग्बी गावच्या नामांकित शाळेत पाठवले. टॉम परत आला तो वसाहतीतला सर्वोत्तम क्रिकेटपटू होऊन. हिवाळ्यात क्रिकेटपटूंना काही खेळ हवा, असे पत्र त्याने जुलै १८५८ मध्ये छापून आणले आणि पुढच्या वर्षी फुटबॉलचे पहिले नियम लिहिणाऱ्यांत तो होता. अँटिल यांच्या मुलांचा हा मामेभाऊ.

१८६१ मध्ये हॉरेशिओ कुटुंबातल्या आणि पदरच्या माणसांना घेऊन क्वीन्सलंडमध्ये नव्या जमिनीवर गेला. १७ ऑक्टोबर रोजी कलिन-ला-रिंगो इथे मूळ रहिवाशांनी तळावर हल्ला करून त्याच्यासह १९ जणांना ठार केले. टॉम सामान आणायला गेला होता म्हणून वाचला. त्या भागात आधीच एका वसाहतकाराने मूळ रहिवाशांना गोळ्या घातल्या होत्या आणि हा त्याचा सूड होता, असे टॉम स्वतः म्हणत असे. मग पोलिसांच्या आणि वसाहतकारांच्या टोळ्या सुटल्या. मारलेल्यांचे अंदाज १९ च्या कितीतरी पट आहेत.

पाच वर्षांनी याच टॉम विल्सने पश्चिम व्हिक्टोरियातल्या मूळ रहिवाशांचा क्रिकेट संघ शिकवून तयार केला आणि १८६६ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नच्या मैदानावर त्यांच्याबरोबर खेळला. त्यातल्या बऱ्याच खेळाडूंचा संघ १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. परदेशी गेलेला तो पहिला ऑस्ट्रेलियन संघ. टॉमला त्यात जागा नव्हती. दारूने पोखरलेल्या अवस्थेत १८८० मध्ये त्याने जीव दिला.

विल्स आणि अँटिल घराण्यांचे वंशवृक्ष आज कोणालाही सहज पाहता येतात. कलिन-ला-रिंगोला मेलेल्या १९ जणांची नोंद आहे. सूडाच्या टोळ्यांनी क्वीन्सलंडमध्ये किती जणांना मारले, याची मोजणी तेव्हा कोणी केली नाही. ॲपिनच्या मृतांपैकी मोजकीच नावे कागदावर आहेत. जार्विसफील्डच्या शेतांवर अँटिल येण्यापूर्वी कोणाची कुटुंबे होती, त्यांची सोयरीक कुठे होती, कोण कोणाचा साडू होता, हे धरावल आणि गंडुंगरा लोकांचे वंशज आपल्या घरच्या आठवणींतून आणि सरकारी कागदांच्या कडेकपारीतून आज जोडत आहेत.